आधी कुदळ, मग सायकल

मागच्या अंकात साठीनंतरची डोंगरातली सायकल आणि पायवाटांचं श्रमदान यांबद्दल मी दोन पानं लिहिली होती. त्यावर आलेल्या पत्रांपैकी सहा इथे घेतली आहेत. नावं गाळली आहेत, गावं ठेवली आहेत. जे हे सदर पहिल्यांदाच वाचताहेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी ६८ वर्षांची. माहेर सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यात, संसार कॅलिफोर्नियात, सांताक्रूझच्या डोंगरांच्या पायथ्याशी. नोकरीभर रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासले. ५७ व्या वर्षी मुलाची गराजमध्ये पडून असलेली माउंटन बाइक बाहेर काढली आणि ६० व्या वर्षी कुदळ हातात घेतली. आता शनिवार कुदळीचा, मंगळवार आणि गुरुवार सायकलचा.

ताई, मी ६४ वर्षांचा, गेल्या मार्चमध्ये निवृत्त झालो. सांगलीला कॉलेजात ॲटलस सायकल होती, त्यानंतर सायकलला हात लावलेला नाही. तुमचा लेख वाचून मनात भरलं. मुलगा म्हणतो, घ्यायचीच तर साडेचार हजार डॉलरची फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढच्या-मागच्या दोन्ही चाकांना धक्के शोषणारी, सायकल घ्या. बायको म्हणते, हे काय हाडं मोडून घ्यायचं वय आहे? सुरुवात कुठून करू? (फ्रीमाँट)

पैसे आत्ता खर्च करू नका. आणि वहिनींची काळजी खोटी नाही, ती उडवून लावू नका. पण तुमच्या घरात तिघांच्याही डोळ्यांपुढे आधी सायकलच आहे. माझं म्हणणं असं, की पहिले तीन महिने सायकल घेऊच नका. घोटा झाकणारे बूट, चामड्याचे हातमोजे आणि दोन लिटर पाणी घ्या आणि शनिवारी सकाळी श्रमदानाला जा. आपल्या भागात डोंगरातल्या मोकळ्या जमिनी राखणारं मिडपेनिन्सुला ओपन स्पेस डिस्ट्रिक्ट आहे, पायवाटा राखणारी सांताक्रूझ माउंटन्स ट्रेल स्टुअर्डशिप आहे. अवजारं तेच देतात आणि ती कशी धरायची तेही शिकवतात.

सायकलवरच्या माणसाला वाटेचं एक वळण दोन सेकंद दिसतं. कुदळ घेऊन उभ्या असलेल्याला तेच वळण चार तास दिसतं. साठीनंतर शिकायचं तर हे चार तास लागतातच.

माझा पहिला दिवस अजून लख्ख आठवतो. नोव्हेंबर होता. रात्री पाऊस होऊन गेलेला, रेडवुडच्या शेंड्यांवरून थेंब गळत होते. आम्हा चौघांना एका डाव्या वळणाच्या अलीकडची पंधरा-वीस फूट वाट नेमून दिली होती. तिच्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा उठल्या होत्या. आमचा म्होरक्या सत्तरीचा, हयातभर सुतारकाम केलेला माणूस. त्याने विचारलं, "या कुणी केल्या?" मी म्हटलं, "पाण्याने." तो म्हणाला, "पाण्याची रेघ उताराने जाते. ही आडवी आहे. ही ब्रेकने झाली." सायकलस्वार वळणाशी आला की त्याला वेग अंगावर येतो, तो ब्रेक दाबतो, चाक किंचित उचलतं आणि आपटतं, पुन्हा उचलतं आणि आपटतं. शेकडो सायकली गेल्या की जमिनीवर लाटा उमटतात.

मी तिथेच थबकले. त्याआधी दोन वर्षांपूर्वी, अशाच एका वळणात घाबरून मी पुढचा ब्रेक आवळला होता. चाक बारीक खडीवरून सरकलं आणि डावं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. तोवर मी सगळा दोष खडीलाच देत होते. त्या लाटांवरून दंताळं ओढताना मला पहिल्यांदा कळलं, की ब्रेकचं काम वळणाच्या आधी, वाट सरळ असताना उरकायचं असतं आणि वळणात चाकांना मोकळं फिरू द्यायचं असतं. हे मला व्हिडिओ पाहून कळलं नव्हतं. ते कळलं त्या पंधरा फुटांवर.

शिवाय अंगही तयार होतं. उतारावर एक पाय वर, एक पाय खाली ठेवून अडीच-तीन किलोचं अवजार तीन-चार तास चालवलं की पोटऱ्या, मांड्या, कंबर आणि तोल या सगळ्यांना काम मिळतं. तीन महिन्यांनी सायकलवर बसाल तेव्हा पायांना उतार ओळखीचा झालेला असेल.

आता सायकल. आधी भाड्याने घ्या, दोन-तीन प्रकारच्या चालवून बघा. साडेचार हजारांची गरज नाही. तुम्हाला एक गोष्ट सांगते. १९७६ च्या ऑक्टोबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, मरीन काउंटीतल्या फेअरफॅक्स गावाजवळ काही तरुणांनी जुन्या, जडशीळ सायकलींवर डोंगर उतरायची शर्यत लावली. पॅडल उलटं फिरवलं की ब्रेक लागणाऱ्या सायकली त्या. उतार असा, की मागच्या हबमधलं, म्हणजे चाकाच्या तुंब्यातलं, ग्रीस तापून त्याचा धूर व्हायचा आणि खाली पोचल्यावर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. म्हणून त्या रस्त्याला नाव पडलं रीपॅक, म्हणजे पुन्हा भरणं. जो ब्रीझ नावाच्या सायकल बनवणाऱ्याने खास डोंगरासाठी बनवलेली सायकल आली ती त्यानंतर, १९७७-७८ मध्ये. म्हणजे हा सगळा प्रकार तुमच्या ॲटलसच्या चुलत बहिणींवर सुरू झाला. पुढे सस्पेन्शन असलेली, २९ इंची चाकांची, हायड्रॉलिक डिस्क ब्रेकची साधी सायकल आपल्याला पुष्कळ आहे.

एका गोष्टीवर मात्र पैसे वाचवू नका. चालता चालता अंगठ्याने कळ दाबून सीट खाली घेता येते, त्याला ड्रॉपर पोस्ट म्हणतात. उतारावर सीट खाली गेली की अंग मागे नेता येतं, पाय जमिनीला टेकवता येतात आणि हँडलवरून पुढे पडण्याची भीती निम्म्याने उतरते. आपल्या वयाच्या माणसासाठी मी या कळीला मागच्या सस्पेन्शनपेक्षा जास्त मानते. पॅडल सपाट ठेवा, बूट अडकवणारी नकोत. गुडघ्यांना पॅड आणि हेल्मेट पहिल्या दिवसापासून. सुरुवात अलामेडा क्रीकच्या काठच्या सपाट वाटेवर करा, मग रुंद फायर रोडवर, म्हणजे वणव्याच्या वेळी गाड्या नेण्यासाठी केलेल्या कच्च्या रस्त्यावर, आणि अरुंद वाट सगळ्यात शेवटी. वहिनींनाही शनिवारी घेऊन जा. तिथे त्यांना त्यांच्या वयाच्या दोन-चार जणी भेटतील आणि त्यांचे प्रश्न त्या माझ्यापेक्षा चांगले सोडवतील.

मी ५९ वर्षांची. तपासणीत हाडांची घनता कमी निघाली आहे. डॉक्टरांनी वजन पेलणारा व्यायाम सांगितला. सायकल चालेल का? (सनीव्हेल)

हाडांसाठी म्हणाल, तर सायकलचा उपयोग फारसा नाही. अंगाचा भार सीट पेलते, हाडांवर तो येत नाही. हृदयाला आणि फुप्फुसांना फायदा आहे, मनाला तर फारच. पण डॉक्टरांनी जे सांगितलंय ते चढ चालण्याने, वजन उचलण्याने आणि हातापायांनी जोर लावण्याने होतं. म्हणून तुम्हालाही कुदळच आधी, पण बेताने. मणक्याची घनता कमी असेल तर कमरेतून वाकून किंवा पीळ देऊन ओझं उचलणं धोक्याचं ठरतं. लांब दांड्याचं अवजार मागून घ्या, गुडघ्यांत वाका, बादली अर्धीच भरा. अर्धी बादली उचलल्याबद्दल कुणी काही बोलत नाही.

अरुंद, दगडी वाटेवरची सायकल तुम्ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. विचारताना "सायकल चालवू का" एवढंच विचारू नका, त्यांच्या डोळ्यांपुढे बागेतली सायकल येते. "पडण्याची शक्यता आहे, तरी चालवू का" असं विचारा. आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही त्याच वेळी सांगा, कारण मग डोक्याला लागलेला साधा मारही साधा राहत नाही.

ताई, मी ६१. रोज सकाळी वेताळ टेकडीवर चालायला जातो, रविवारी सायकल घेऊन. दर पावसाळ्यानंतर पायवाटा आणखी खोल होतात, काही ठिकाणी तर गुडघाभर घळी पडल्या आहेत. चालणारे म्हणतात, हे सायकलींमुळे. आम्ही म्हणतो, मोटरसायकलींमुळे. आम्ही सात-आठ जण निवृत्त आहोत, हातपाय धड आहेत. दगडगोटे टाकून घळी बुजवाव्यात असा विचार आहे. बरोबर आहे का? (पुणे)

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. हे सदर लिहायला घेतलं तेव्हा असंच पत्र यावं अशी मनापासून इच्छा होती.

दगडगोटे टाकू नका. पुढच्या पावसात पाणी त्यांच्या खालून आणि बाजूंनी जाईल, दगड सुटे होतील आणि लोक त्यांना चुकवून शेजारून चालू लागतील. एका घळीच्या तीन घळी होतील.

आधी भांडणाचं बोलू. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात घोडे, पायी माणसं, सायकली आणि मोटरसायकली यांची तुलना करणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ओल्या केलेल्या वाटेवर चाकांपेक्षा घोड्यांनी आणि माणसांच्या पायांनी जास्त माती सुटी केली असं त्यात दिसलं. हे चालणाऱ्यांना ऐकवण्यासाठी सांगत नाही. मागचं चाक अडवून घसरत उतरणारा सायकलस्वार जमिनीवर जी रेघ ओढतो, ती पाण्याला आयता पाट होते. ते आपण थांबवलंच पाहिजे. पण सगळ्यांनी टेकडीवर जाणं उद्यापासून बंद केलं तरी तुमची घळ पुढच्या जूनमध्ये वाढणारच, कारण तिला खणतंय ते पाणी. माणसांच्या पायांनी आणि चाकांनी त्याला फक्त वाट काढून दिली.

तुमच्यापैकी कुणी शेतात दारं धरली आहेत का? लहानपणी आमच्या उसाला रात्री पाणी यायचं. आजोबा कंदील घेऊन पुढे, मी मागे. एका सरीत पाणी भरत आलं की ते खोऱ्याने दोन ढेकळं काढून पुढच्या सरीचं तोंड उघडत आणि तीच ढेकळं मागच्या तोंडाला लावत. पाण्याला कधी जोर धरू देत नसत. म्हणायचे, जोर धरला की ते आपलं ऐकत नाही. इथे रेडवुडच्या जंगलात मला जे शिकवलं त्यातलं निम्मं मला त्या कंदिलाच्या उजेडात माहीत झालं होतं.

पायवाटेवरचं पाणी जोर धरतं ते दोन कारणांनी. एक, वाट उताराच्या सरळ रेषेत खाली जाते. टेकडीवरच्या जुन्या वाटा अशाच असतात, कारण माणूस जवळचा रस्ता काढतो. इथे आम्ही अर्ध्याचा नियम पाळतो. टेकडीच्या कुशीचा उतार शंभरात तीस असेल, तर वाटेचा उतार पंधराच्या वर जाऊ द्यायचा नाही. गेला, तर पाणी वाट ओलांडून पलीकडे उतरत नाही, वाटेलाच धरून धावतं. आणि वाटेचा सरासरी उतार शंभरात दहाच्या आसपास राहिला तर ती टिकते.

दुसरं कारण डोळ्यांना दिसत नाही. आडव्या वाटेची दरीकडची कड सुरुवातीला थोडी उतरती असते. चालून चालून मधला भाग दबतो, वरची माती घसरून बाहेरच्या कडेला साचते आणि तिथे वीतभर उंचीचा वरंबा तयार होतो. झालं, वाटेचा पाट झाला. पाणी शिरतं आणि बाहेर पडायला जागाच नाही.

म्हणून तुमचं पहिलं काम घळीत नाही. घळीच्या वर चढत जा आणि पाणी वाटेत कुठे शिरतं ती जागा शोधा. हे कोरड्यात कळत नाही. जूनचा चांगला पाऊस लागला की सात-आठ जण छत्र्या घेऊन वर जा आणि बघत उभे राहा. विजा चमकत असतील तर अर्थातच नको. जिथे पाणी शिरतं आणि जिथून ते बाहेर काढता येईल अशा जागा फोनवर टिपून ठेवा.

मग पाऊस उघडला, माती ओली पण मऊ असली की त्या जागी दरीकडचा वरंबा फोडून सांडवा काढा. बांधाला सांडवा असतो तसाच, पण पसरट. अर्ध्या चंद्राच्या आकाराचा, वाटेच्या लांबीत तीनेक मीटर, बाहेरच्या बाजूला हळूच उतरता. अरुंद आणि खोल नको, तो पहिल्याच पावसात पालापाचोळ्याने बुजतो आणि सायकलचं चाक त्यात अडकतं. चालणाऱ्याला पायाखाली काही बदललंय हे कळता कामा नये, इतका तो सौम्य हवा. त्याच्या खालच्या अंगाला, निघालेल्या मातीचा एक लांबट, बसका उंचवटा घालून चोपून घ्या. एवढं केलं की पाणी तिथे बाहेर वळतं. दोन सांडव्यांमध्ये वाटेची बाहेरची कड मीटरला पाचेक सेंटिमीटर उतरती ठेवा. गवंड्याची पाणसळ आणि एक मीटरची पट्टी एवढ्यावर ते मोजता येतं.

टेकड्यांवर खोदलेले सलग समतल चर तुम्ही पाहिले असतील. चराचं काम पाणी अडवायचं, वाटेचं काम पाणी सोडून द्यायचं. तुमचा सांडवा खालच्या एखाद्या चरात उतरवता आला तर सोन्याहून पिवळं. आपल्याकडे खाली काळा कातळ, त्यावर मुरूम आणि त्यावर मातीचा पातळ थर. तो थर एकदा वाहून गेला की आपल्या हयातीत परत येत नाही. म्हणून खोल खणू नका, खरवडा.

फार खोल गेलेली घळ दुरुस्त होत नाही. ती सोडून द्यायची आणि शेजारून आडव्या चालीने नवी वाट आखायची. मात्र नवी वाट केली तर जुनी बंद करावीच लागते. तिची दबलेली जमीन कुदळीने ढिली करा, थोड्या थोड्या अंतरावर दगडांच्या आडव्या ओळी जमिनीत रोवून बसवा म्हणजे त्यांच्यामागे गाळ धरेल, आणि वर बाभळीच्या काट्या अशा पसरा की कुणाला आत शिरावंसं वाटणार नाही. दोन पावसाळ्यांत गवत येतं.

आणि हे सगळं करायच्या आधी परवानगी. जागा वनखात्याची असो, महापालिकेची असो, लेखी अर्ज द्या, नकाशावर जागा दाखवा, एका वाटेच्या पन्नास मीटरवर नमुन्याचं काम करू द्या म्हणून विचारा. अर्जावर सायकलवाल्यांइतक्याच चालणाऱ्यांच्या सह्या घ्या. तुम्हाला दोष देणाऱ्यांनाच आधी छत्री घेऊन वर बोलवा. पाणी डोळ्यांनी पाहिलेला माणूस मग भांडत नाही, कुदळ मागतो. हे मी इथे अनेकदा पाहिलंय.

माझे मिस्टर ६६ वर्षांचे. तुमच्यासारख्यांच्या नादाने दर शनिवारी डोंगरात खणायला जातात. परवा हातावर, मानेवर पुरळ उठून पाणी भरलं. डॉक्टर म्हणाले, पॉयझन ओक. आता मला आणि नातवालाही होईल का? त्यांना हे बंद करायला सांगा. (कुपर्टिनो)

फोडांतल्या पाण्याने तुम्हाला किंवा नातवाला काही होणार नाही. भीती पॉयझन ओकच्या झुडपावरच्या तेलाची आहे. ते हातमोजे, बुटाच्या नाड्या, कुदळीचा दांडा, सायकलचं हँडल, गाडीची सीट, सगळ्यावर राहतं आणि महिनोन्‌महिने राहतं. तेव्हा त्यांचे शनिवारचे कपडे वेगळे धुवा, उचलताना रबरी मोजे घाला.

तुमच्या माहेरी बिब्बा होता का? आमच्या आजीच्या फडताळात असायचा. तो उतला की कातडीचं काय होतं हे आपल्या पिढीने पाहिलंय. पॉयझन ओक हे बिब्ब्याच्याच कुळातलं झाड, आंबा आणि काजूही त्याच कुळातले. दाहही तसल्याच तेलकट द्रव्याने होतो. आंब्याच्या चिकाने मिस्टरांचे ओठ सुजत असतील तर त्यांनी दुप्पट जपायला हवं. तीन-तीन पानांचा झुबका, वसंतात तुकतुकीत हिरवा, उन्हाळ्याअखेर लाल. खरी फसवणूक हिवाळ्यात होते. पानं गळालेली असतात, नुसत्या काटक्या उरतात आणि तेल काटक्यांतही असतं. आपलं श्रमदान नेमकं त्याच महिन्यांत जोरात असतं, कारण माती तेव्हाच ओली असते.

लांब बाह्या, मनगटावरून येणारे मोजे, आणि काम संपल्या संपल्या, गाडीत बसण्याआधी, साबण आणि गार पाण्याने फडक्याने घासून हात, मान धुणं. मी गाडीच्या डिकीत पाण्याचा कॅन, भांड्यांचा साबण आणि जुनी पंचाची फडकी ठेवते. जितक्या लवकर धुवाल तितकं बरं. घरी आल्यावर काखेत, गुडघ्यामागे, कानामागे गोचीड शोधा, हे काम तुम्हीच नीट करू शकाल. चेहरा किंवा डोळे सुजले, श्वासाला त्रास झाला, तर वाट न पाहता दवाखान्यात.

बंद करा असं मात्र मी त्यांना सांगणार नाही. पत्रात तुम्हीच लिहिलंय, की निवृत्तीनंतर वर्षभर ते दुपारपर्यंत उठत नव्हते आणि आता शनिवारी साडेपाचला स्वतः चहा करतात. तो चहा मला तुमच्या घरातून जाऊ द्यायचा नाही.

ई-बाइक घेतली आहे, पण वाटेच्या तोंडाशी मनाईची पाटी आहे. वयाकडे पाहून सूट मिळावी असं नाही वाटत? (सॅन होजे)

चढ झेपत नाही म्हणून ई-बाइक घेणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, मीही पाच वर्षांनी कदाचित घेईन. कॅलिफोर्नियात त्यांचे तीन वर्ग आहेत. पहिल्या वर्गात पॅडल मारलं तरच मोटर साथ देते आणि ताशी २० मैलांवर ती थांबते. काही जागांचे मालक या वर्गाला मातीच्या वाटांवर येऊ देतात, काही कुठल्याच वर्गाला देत नाहीत. नियम बदलून घ्यायचा तर त्यांच्या सभेला जाऊन बोला, मी सोबत येईन. पण पाटी ओलांडू नका. साध्या सायकलींना आज जेवढ्या वाटा मोकळ्या आहेत, त्या वर्षानुवर्षं सभांना बसून आणि श्रमदान करून मिळाल्या आहेत.

मी ७२ वर्षांचा. पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये ३१ वर्षं फिटर होतो. आता मुलाकडे असतो. दोन्ही गुडघे बदलले आहेत. सायकल होणार नाही, खणणंही होणार नाही. तुमचा लेख वाचून नुसती हळहळ वाटली. (एडिसन, न्यू जर्सी)

दादा, तुमचं पत्र मी मुद्दाम शेवटी ठेवलं.

तुमच्यापासून जवळच फ्रँकलिन टाउनशिपमध्ये सिक्स माइल रन नावाची मोकळी राखीव जागा आहे. तिथल्या सायकलच्या वाटा जोर्बा या संघटनेचे स्वयंसेवक राखतात. मुलाला सांगून त्यांच्या कामाचा दिवस कधी आहे ते विचारा आणि एक घडीची खुर्ची घेऊन जा.

आमच्याकडे दोन अवजारं जास्त चालतात. एकाचं नाव मॅक्लाउड, एका बाजूने रुंद खोरं, दुसऱ्या बाजूने जाड दातांचं दंताळं. दुसरं पुलास्की, एका बाजूला कुऱ्हाड, दुसऱ्या बाजूला आडवं टिकावाचं पातं. आयडाहोतल्या १९१० च्या मोठ्या वणव्यात आपल्या माणसांना वाचवणाऱ्या एड पुलास्की या वनरक्षकाचं ते नाव. या पात्यांना धार नसली की साठीच्या माणसाचा खांदा दोन तासांत भरून येतो. धार असली की मूळ एका घावात तुटतं. आणि दर शनिवारी वीस-पंचवीस अवजारं बोथट होऊन गाडीत पडतात, कारण धार लावता येणारं माणूस मिळत नाही. मी स्वतः दोन वर्षं प्रयत्न केला. माझी धार कधी एकसारखी येत नाही, मध्ये पोट राहतं.

आमच्या गटात एक जण आहेत, तुमच्याच वयाचे, पाठीचं ऑपरेशन झालेले. ते वाटेच्या तोंडाशी, झाडाला एक छोटा व्हाइस, म्हणजे पातं घट्ट धरणारा शिकंजा, पट्ट्याने बांधतात आणि सकाळी नऊपासून पाती घासत बसतात. येणारे-जाणारे सायकलस्वार थांबतात, विचारतात, कुणी ब्रेक घासतोय म्हणून दाखवतं, तेही ते बघून देतात. दुपारी सगळे खाली येतात तेव्हा अवजारं मोजून घेण्याचं काम त्यांचंच असतं. ते नसले त्या शनिवारी आम्हाला चुकल्यासारखं होतं.

तुम्ही बास्टर्ड कटची, म्हणजे मध्यम भरड दातांची, दहा इंची कानस, दांड्यासकट, आणि तारेचा ब्रश घेऊन जा. पुलास्कीच्या पात्याला रानातला दगड लागून खाच पडलेली असते, ती आधी काढावी लागेल. पुढे लोटताना दाब द्यायचा आणि परत आणताना कानस उचलायची, हे मी तुम्हाला सांगायला नको.